आठ हजारांचा लोभ

सहारा समूहात बुडालेल्या ठेवींचा विषय निघाला की पुण्या-मुंबईहून लखनौला आलेले पाहुणे एक वाक्य हमखास टाकतात, "लोभ नडला हो लोकांना." गोमतीनगरमधून जाताना सहारा शहराची भिंत दाखवली की हे वाक्य येतं, हजरतगंजात सहारागंज मॉलसमोर उभं राहिलं तरी येतं. पाठोपाठ दुसरं ठरलेलंच, "आपल्याकडे अर्थसाक्षरताच नाही ना!" रविवारच्या पुरवण्यांत लिहिणारे गुंतवणूक सल्लागार हेच जरा इस्त्री करून सांगतात. जास्त व्याजाच्या मोहात पडू नका, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम अडीनडीसाठी बाजूला ठेवा, मुदतीचा विमा घ्या, एसआयपी चालू ठेवा. मग नोकरी जावो, आजारपण येवो, घरातला कर्ता जावो, निभावून नेता येतं. सल्ल्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण सहाराच्या ठेवीदारानं तो पाळला नाही म्हणून तो बुडाला, असा त्यातून काढलेला निष्कर्ष साफ खोटा आहे. आणि तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांत ठेवीदार कुठेच नाहीत.

आधी लोभाचाच हिशोब करू. 31 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. जगदीशसिंग खेहर यांच्या खंडपीठानं सहाराच्या दोन कंपन्यांना लोकांकडून रोख्यांपोटी घेतलेले पैसे 15 टक्के व्याजासह परत करायला सांगितलं. रक्कम 24 हजार कोटींच्या वर. कंपन्यांनीच सांगितलेली गुंतवणूकदारांची संख्या 2 कोटी 96 लाखांच्या आसपास. भागाकार करून पाहा, माणशी आठ हजार रुपयांच्या थोडं वर जातं. पुण्यात एवढ्यात एका कुटुंबाचा सुट्टीतला महाबळेश्वरचा मुक्कामही नीट होत नाही. आठ हजारांच्या लोभानं माणसं आंधळी झाली म्हणायचं, तर लोभ या दुर्गुणाची इतकी स्वस्ताई यापूर्वी कधी झाली नव्हती.

हे रोखे यायच्या आधी सहाराचा पसारा उभा राहिला तो छोट्या ठेवींवर. 1978 साली गोरखपूरला दोन हजार रुपयांच्या भांडवलावर सुरुवात झाली, असं कंपनी स्वतः अभिमानानं सांगायची. पानाची टपरी, शिवणाचं दुकान, सायकल दुरुस्ती, चहावाला, अशा लोकांकडून रोज दहा-वीस रुपये गोळा करायचे, हा मूळ धंदा. ठेवी घेणारी त्यांची कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली होती. अशा कंपन्यांनी ठेवीदाराला किमान किती व्याज द्यावं हे रिझर्व्ह बँकच ठरवून देत असे. 2003 नंतर हा किमान दर महिन्याच्या किंवा एकरकमी ठेवींना पाच टक्के आणि रोजच्या ठेवींना साडेतीन टक्के होता. साडेतीन टक्के! बँकेच्या साध्या बचत खात्यावरही त्या काळात तेवढं मिळत होतं. पुढच्या रोख्यांवर याहून जास्त परतावा सांगितला गेला, हे खरं आहे. पण ज्या सवयीतून लोक रोख्यांपर्यंत आले ती सवय लागली ती काही व्याजामुळे नव्हे.

तर मग कशामुळे? स्टुअर्ट रदरफोर्ड या अभ्यासकानं विजयवाड्यातल्या झोपडपट्टीत फिरून पैसे गोळा करणाऱ्या एका बाईचा व्यवहार नोंदवून ठेवला आहे. तिच्या कार्डावर 220 चौकोन. रोज पाच रुपये दिले की एक चौकोन भरायचा. सगळे चौकोन भरले की 1,100 रुपये होतात. ती 1,000 परत देते आणि शंभर आपली मेहनत म्हणून ठेवते. म्हणजे व्याज मिळणं बाजूलाच राहिलं, बचत करणाराच वर पैसे मोजतो. तरी लोक तिच्याकडे खुशीनं जातात, कारण घरात ठेवलेले पाच रुपये संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. कोणाचा ताप, कोणाची वही, कोणाच्या नवऱ्याची तलफ. रोज कोणीतरी दारात येऊन ते घेऊन जातं, यालाच किंमत आहे. लोभी माणूस तोट्याचा सौदा करत नसतो.

लखनौतही गरज हीच. चौक, ठाकूरगंज, सआदतगंजकडच्या गल्ल्यांत घरोघरी चिकनकारी चालते. बायका नगावर काम करतात, कापड आणि पैसे मध्यस्थामार्फत येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर हात दुखेपर्यंत काम, नंतर आठवडे रिकामे. अशा घरात 'सहा महिन्यांचा खर्च' हा शब्दप्रयोग तरी कसा बसवायचा? कुठल्या सहा महिन्यांचा? मिळकत दर आठवड्याला वेगळी, खर्च मात्र ठरलेला, आणि मोठे खर्च तर तारीख सांगून येतच नाहीत. यावर त्यांनी काढलेले उपाय आपल्या सल्लागारांपेक्षा फारसे वेगळे नाहीत. गल्लीतली बीसी, जिला आपण भिशी म्हणतो, ही कर्जाची सोय. पायातले चांदीचे पैंजण म्हणजे गहाण टाकायची मालमत्ता. आणि रोज दारात येणारा एजंट हे आवर्ती ठेवीचं खातं. जोखीम तीन ठिकाणी वाटली होती. तिसरं ठिकाण बुडवलं गेलं.

आता कोणी म्हणेल, पोस्ट होतं की! होतं. पोस्टाच्या आवर्ती ठेवीसाठी महिला प्रधान एजंट होत्या, आजही आहेत, त्यांना चार टक्के कमिशन मिळतं. पण 2011 मध्ये श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशींनंतर सरकारनं पीपीएफ आणि ज्येष्ठांच्या योजनेवरचं एजंटांचं कमिशन बंद केलं, इतर बचतपत्रांवरचं एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणलं, आणि किसान विकास पत्र तर बंदच करून टाकलं. ते परत आलं 2014 मध्ये. दिल्लीत कागदावर ही काटकसर शहाणपणाची दिसली असेल. पण ज्या वर्षी सरकारी बचतीचा माणूस गल्लीतून एक पाऊल मागे गेला, त्याच वर्षांत सहाराचा माणूस दोन पावलं पुढे आला होता. त्याला ते 'कार्यकर्ता' म्हणत. छातीशी हात नेऊन तो 'सहारा प्रणाम' करायचा. तो बाहेरचा नव्हता. शेजारच्या घरातला बारावी झालेला मुलगा, मामाचा जावई, मुलांची शिकवणी घेणारे मास्तर. त्यांनी स्वतःचेही पैसे त्यातच घातलेले. मुदत संपल्यावर पैसे मिळेनात तेव्हा लोक जाब विचारायला आले ते याच माणसांच्या दारात. कपूरथला चौकातल्या मुख्य कचेरीत त्यांना कोण आत घेणार होतं?

अज्ञानाचा आरोप तर आणखी गमतीचा आहे. जून 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सहाराच्या ठेव कंपनीला नव्या ठेवी घेण्यापासून अडवलं, मग सुनावणीनंतर हळूहळू गाशा गुंडाळायची मुदत दिली. त्याच्या महिना-दीड महिना आधी, एप्रिल 2008 मध्ये, समूहातल्या दुसऱ्या कंपनीनं परिवर्तनीय रोखे विकायला सुरुवात केली होती. एक नळ बंद व्हायच्या आत दुसरा चालू. त्या वेळच्या कंपनी कायद्यानुसार पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांना रोखे देऊ केले की ती जाहीर विक्री ठरत असे आणि सेबीच्या परवानगीशिवाय ती करता येत नसे. कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही फक्त आमचे मित्र, सहकारी, कार्यकर्ते अशांनाच रोखे दिले, बाहेर कोणाला नाही. तीन कोटी मित्र! महाराष्ट्रातल्या एखाद्या राजकीय पक्षालासुद्धा इतके मित्र जमवता आलेले नाहीत.

आणि हे काही तळघरात चाललं नव्हतं. एका कंपनीची कागदपत्रं कानपूरच्या कंपनी निबंधकाकडे दाखल होती, दुसरीची महाराष्ट्राच्या निबंधकाकडे. निबंधकांनी ती नोंदवून घेतली. समूहातल्या आणखी एका कंपनीनं शेअर बाजारात उतरण्यासाठी 2009 मध्ये मसुदा दाखल केला, तेव्हा कुठे सेबीच्या नजरेत हे रोखे आले. तोवर भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर सहाराचं नाव झळकून आठेक वर्षं झाली होती. सहाराची विमानं उडून, विकलीही गेली होती. समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांच्या मुलांच्या लग्नांना 2004 मध्ये लखनौत देशातले झाडून सगळे बडे लोक हजेरी लावून गेले होते. पुण्याजवळ गहुंज्याला उभ्या राहिलेल्या स्टेडियमला काही काळ सुब्रत रॉय यांचं नाव होतं, हे आपल्याकडचे लोक आता सोयीस्कर विसरतात. जे क्रिकेट मंडळाला, निबंधकाला, मंत्र्यांना, नटांना आणि संपादकांना कळलं नाही (किंवा कळूनही त्यांनी कानाडोळा केला), ते सआदतगंजमधल्या चिकन काढणाऱ्या बाईला कळायला हवं होतं, कारण तिनं अर्थसाक्षरतेचा वर्ग केला नव्हता!

पैसा गेला कुठे, हे मराठी वाचकानं तरी विचारलं पाहिजे, कारण तो आपल्या अंगणातही आला आहे. रोख्यांच्या जोडीला तिसरा नळ उघडला तो बहुराज्य सहकारी सोसायट्यांचा. एक लखनौची, एक भोपाळची, एक कोलकात्याची, एक हैदराबादची. मुदत संपलेल्या ठेवी हातात न देता या सोसायट्यांच्या नव्या पासबुकात वळत्या करायच्या. लोकांच्या तोंडी त्याला शब्द 'कन्वर्जन'. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या 2020 मधल्या नोंदींनुसार या चार सोसायट्यांनी चार कोटी लोकांकडून 86 हजार कोटींहून जास्त रक्कम गोळा केली आणि त्यातले 62 हजार कोटींहून जास्त अॅम्बी व्हॅलीत गुंतवले. लोणावळ्याजवळ मुळशीच्या डोंगरात परदेशी थाटाचे बंगले, तळी, गोल्फचं मैदान असलेली ती अॅम्बी व्हॅली. शनिवार-रविवारी तिथे जाऊन आलेले लोकच लखनौत येऊन मला ठेवीदारांच्या लोभाबद्दल सांगतात.

मात्र माझा खरा वाद आहे तो पैसे परत देण्याच्या पद्धतीवरून. सल्लागारांच्या मनातला 'आयुष्यातल्या बदलांना तोंड देणारा' माणूस आणि प्रत्यक्षातला माणूस यांच्यात किती अंतर आहे, ते तिथे उघडं पडतं. सेबीनं आधी पैसे परत द्यायचा प्रयत्न केला. सहारानं कागदपत्रं पाठवली ती 127 ट्रक भरून, 31 हजारांहून जास्त खोकी. इतक्या वर्षांत सेबीच्या हातून परत गेले सुमारे 138 कोटी. मग सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2023 मध्ये सेबी-सहारा खात्यातले 5,000 कोटी सहकारी सोसायट्यांच्या केंद्रीय निबंधकाकडे वळवायला सांगितले आणि 18 जुलै 2023 ला सहकारमंत्री अमित शहांनी परताव्याचं पोर्टल सुरू केलं. पहिल्या टप्प्यात माणशी जास्तीत जास्त दहा हजार, पुढे सप्टेंबर 2024 मध्ये मर्यादा पन्नास हजार.

या शहरातल्या कुठल्याही जनसेवा केंद्रात तासभर बसावं. बाई येते, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुकं, पावत्या, आधारच्या झेरॉक्स प्रतींच्या झेरॉक्स. अर्जाला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो; तो नंबर नवऱ्याचा होता, नवरा करोनात गेला, सिम बंद पडून दुसऱ्याच कोणाला मिळालं. आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. खातं माहेरच्या नावानं, आधार लग्नानंतरच्या. रक्कम पन्नास हजार किंवा वर असेल तर पॅन. चारही सोसायट्यांतल्या ठेवींचा दावा एकाच अर्जात करायचा, म्हणजे एक पासबुक सापडलं नाही तर त्याचा दावाच राहिला. मुलगा संगणकावर नाव टाइप करतो, पासबुकावर 'सबनम', आधारवर 'शबनम'. तीस दिवसांत पडताळणी आणि पुढच्या पंधरा दिवसांत निरोप, असं सुरुवातीला सांगितलं होतं. निरोप येतो, आणि त्यात 'त्रुटी' असते. मग पुन्हा अर्ज. ठेवीदारच वारला असेल तर वारसाचे कागद, आणि त्यासाठी कचेऱ्यांचे खेटे वेगळेच.

सहाराचे रोखे विकले जाऊ लागले तेव्हा आधार अस्तित्वातच नव्हतं. पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते सप्टेंबर 2010 मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. म्हणजे ज्या नावानं पैसे भरले ते एजंटानं कानानं ऐकून लिहिलेलं नाव, आणि ज्या नावानं ते परत मागायचे ते सरकारी यंत्रात टंकलेलं नाव. मधल्या दहा-बारा वर्षांत लग्न झालं, घर बदललं, माणूस भिवंडीला मागावर किंवा पुण्याला बांधकामावर गेला, नंबर चार वेळा बदलला. आयुष्य बदलतं म्हणून तर बचत केली. आणि आयुष्य बदललं म्हणूनच ती परत मिळत नाही. अर्थसाक्षरतेच्या कुठल्या धड्यात याचं उत्तर आहे, ते मला दाखवावं.

एक युक्तिवाद मात्र गंभीर आहे, त्याला बगल देणार नाही. यातले बरेच गुंतवणूकदार बनावट होते, काळा पैसा गरिबांच्या नावावर दाखवला गेला, म्हणून तर सेबीकडे मागायला कोणी आलं नाही, असं म्हणतात. न्यायालयानंही नावा-पत्त्यांच्या याद्यांवर संशय व्यक्त केला होता, आणि त्या याद्या पाहता तो रास्तच होता. काही नावं बनावट असतीलही. पण पोर्टल उघडल्यावर दावे इतके आले की सप्टेंबर 2025 पर्यंत पडताळणीच्या सगळ्या चाळण्यांतून पार होऊन पैसे मिळालेल्यांचीच संख्या 26 लाखांवर गेली होती. त्यांच्या हाती पडले 5,000 कोटींच्या थोडे वर, म्हणजे माणशी एकोणीस हजारांच्या आसपास. आधार आणि बँक खातं जुळवून दाखवणारे हे 26 लाख लोक भुतं नव्हेत. न्यायालयाला आणखी 5,000 कोटी सोडावे लागले आणि मुदत 2026 च्या अखेरपर्यंत वाढवावी लागली. मागणारे आहेत, त्यांना कोणत्या दारात उभं करायचं हे आधी कोणाला सुचलं नव्हतं.

आता जरा आपल्याकडे वळू. फेब्रुवारी 2013 मध्ये पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले. 1912 सालची बँक, तिचा परवाना 2022 मध्ये रद्दच झाला. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर बंधनं आली तेव्हा पहिल्या दिवशी काढता येत होते एक हजार रुपये. या दोन्ही बँकांतले ठेवीदार शिकलेले होते, निवृत्त शिक्षक, सोसायट्यांचे सेक्रेटरी, डॉक्टर. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवली होती, म्हणजे सल्लागारांचा पहिलाच नियम मोडला होता. त्यांना कोणी लोभी म्हटलं? नाही. आपण त्यांना 'बिचारे' म्हटलं, आणि बरोबर म्हटलं. कोथरूडमध्ये बुडालेला बिचारा आणि सआदतगंजमध्ये बुडालेला लोभी, हा न्याय कुठला?

आणि त्या बिचाऱ्यांसाठी पुढे काय झालं तेही पाहा. ठेव विम्याची मर्यादा 1993 पासून एक लाखावर अडकली होती. मुंबईत पीएमसीचे ठेवीदार रिझर्व्ह बँकेसमोर उभे राहिले, आणि पाच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 2020 मध्ये ती पाच लाख झाली. 2021 मध्ये कायदा बदलून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायची तरतूद आली. पीएमसीच्या ठेवीदारांना कोणी अर्थसाक्षरतेची शिबिरं घेऊन शहाणं केलं नाही. नियम बदलले गेले. रुपीच्या लहान ठेवीदारांचेही पैसे मोकळे झाले ते या विम्यामुळेच.

पतसंस्थांतल्या आणि बहुराज्य सोसायट्यांतल्या ठेवींना हा विमा नाही. महाराष्ट्रातल्या गावागावांत पतसंस्थेची पाटी आहे, पिग्मी गोळा करणारा माणूस आहे, आणि त्याच्याकडे रोज शंभर रुपये देणाऱ्या भाजीवालीला वाटतं की बँक म्हणजे बँक. तिला हे सांगा, जरूर सांगा. नाव आधारशी जुळवून घे, नॉमिनीचं नाव टाक, नवऱ्याबरोबरचं खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं कर, पावतीवर शिक्का बघ. पण तिच्या दारात रोज येणारा दुसरा सुरक्षित माणूस जोवर तुमच्याकडे नाही, तोवर पिग्मीवाल्याला हाकलून दे म्हणू नका. अशा ठेवींना विमा द्यायचा तर हप्ता कोणी भरायचा, संस्थांचे हिशोब कोणी तपासायचे, तपासणी न करणाऱ्या निबंधकाला जबाबदार कसं धरायचं, हे प्रश्न किचकट आहेत आणि त्यांवर वाद होऊ शकतो. सल्लागार मंडळींनी पुढच्या रविवारचा लेख त्यावर लिहावा.